वाचकांचे प्रश्न : पितळेला ताव, पण मोजून

मागील अंकात इंडक्शन शेगडीच्या अंतरंगावर लेख आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे पितळ आणि तांबे तापवण्याविषयीची आहेत. त्यांचा धागा एकच असल्यामुळे ती या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ अमेरिकेत मोंटाना राज्यात स्थायिक आहे. तो लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीच्या स्पर्धांत उतरतो आणि झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या पुन्हा भरून वापरतो; तेथे ही कायदेशीर आणि रुळलेली गोष्ट आहे. पुंगळीची मान नरम करण्यासाठी आजवर तो गॅसची बत्ती वापरत असे. आता त्याला घरीच इंडक्शनचे यंत्र जुळवायचे आहे आणि माझा व्यवसाय इलेक्ट्रॉनिक्सचा असल्याने आराखडा त्याने माझ्यावर सोपवला आहे. आमच्या घरच्या इंडक्शन शेगडीवर पितळेचे पातेले ठेवले, तर ती नुसती शिट्टी देते आणि बंद पडते. मग पुंगळी तापणार कशी? आणि ती पुरेशी तापली हे कशावरून ओळखायचे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी पुंगळीला ताव का द्यावा लागतो ते पाहू, कारण यंत्राची सगळी मापे त्यावरूनच निघतात. पुंगळीच्या पितळेत ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. हे पितळ थंड अवस्थेत दाबले, ताणले किंवा ठोकले की दर खेपेला थोडे अधिक ताठर होते. गोळी सुटताना पुंगळीची मान फुगून रायफलीच्या कोठीला भिडते आणि पुन्हा भरण्यापूर्वी ती साच्यात घालून आवळावी लागते. असे काही वेळा झाले की मान साच्यातून बाहेर आल्यावर किंचित उघडू लागते, तीही प्रत्येक पुंगळीची कमी-अधिक, आणि त्यामुळे गोळीवरची तिची पकड सारखी राहत नाही. पकड बदलली की गोळीचा वेगही थोडा बदलतो आणि लांबच्या लक्ष्यावर तो फरक वर-खाली पडलेल्या छिद्रांच्या रूपाने दिसतो. पुढे मान उभी तडकते आणि पुंगळी बाद होते. योग्य ताव दिला, तर धातूच्या आत नवे, ताण नसलेले स्फटिक तयार होतात आणि मान पुन्हा लवचिक होते.

आता शेगडीचा प्रश्न. घरची शेगडी साधारण २० ते ५० किलोहर्ट्झवर चालते आणि तिची रचना लोखंडी बुडाच्या भांड्यासाठी केलेली असते. लोखंड चुंबकीय असल्याने त्यातील प्रवाह पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरात कोंडला जातो आणि तेथे भरपूर विरोध भेटतो. पितळेत तसे होत नाही, म्हणून शेगडीचे सर्किट ‘भांडे नाही’ असे समजून थांबते. याचा अर्थ पितळ इंडक्शनने तापत नाही असा मात्र नाही. चुंबकत्व नसलेल्या धातूतही भोवरी प्रवाह निर्माण होतातच; फक्त वारंवारता वाढवावी लागते आणि कॉइल धातूला अगदी जवळून वेढणारी असावी लागते. १०० किलोहर्ट्झला पितळेत प्रवाह साधारण ०.४ मिलिमीटर खोलीपर्यंत वाहतो आणि रायफलीच्या पुंगळीच्या मानेची जाडी बहुधा तेवढीच, म्हणजे ०.३५ ते ०.४ मिलिमीटर असते. त्यामुळे मानेची भिंत आतून-बाहेरून जवळजवळ एकदम तापते. बत्तीची ज्योत एका अंगाने लागते आणि वाऱ्याच्या झुळकीने हलते. तिच्या मानाने हा फार मोठा लाभ आहे.

शक्तीचा हिशेब सोपा आहे. मान आणि खांदा (मानेखालचा उतरता भाग) मिळून सुमारे ३ ग्रॅम पितळ धरले, तर ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास साडेपाचशे ज्यूलच्या आसपास उष्णता लागते. ती ४ सेकंदांत द्यायची, तर पितळेत सुमारे १४० वॉट उतरले पाहिजेत. कॉइल, कपॅसिटर आणि मॉसफेट (वेगाने चालू-बंद होणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) यांत बरीच शक्ती वाया जाते, म्हणून ४८ व्होल्टचा आणि १२ ते १५ ॲम्पिअर देऊ शकणारा पुरवठा घ्यावा. बाजारात ‘झेडव्हीएस’ नावाने मिळणारी १००० वॉटची सर्किटची पाटी या कामाला पुरते.

तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा मात्र ‘किती’ आणि ‘कधी थांबायचे’ हा आहे, आणि भावाशी बोलताना आपण सर्वाधिक वेळ याच मुद्द्यावर द्यावा असे मला कळकळीने वाटते. पितळ नरम होणे हे तापमान आणि वेळ या दोहोंवर अवलंबून असते. भट्टीत तासभर ठेवले, तर ते ३०० अंशांच्या आसपासच नरम होऊ लागते; चार सेकंदांत तोच परिणाम हवा असेल, तर ५०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून थोडे वर जावे लागते. त्यामुळे वेळ न सांगता नुसता तापमानाचा आकडा सांगणारा सल्ला अपुरा समजावा. ९०० अंशांच्या थोडे पुढे हे पितळ वितळू लागते, पण त्याच्या कितीतरी आधीच मान इतकी मऊ पडते, की बोटांनी दाबली तरी चेपते. अशी मान गोळीला धरू शकत नाही.

दुसरी बाजू पुंगळीच्या बुडाची आहे, आणि ती सुरक्षिततेची आहे. गोळी सुटताना कोठीत सुमारे ४००० बार दाब निर्माण होतो आणि तो पेलण्याचे काम पुंगळीचे ताठर बूड करते. बूड एकदा नरम पडले, तर ते पूर्ववत ताठर करणारी कोणतीही उष्णताप्रक्रिया नाही. पोलाद तापवून पाण्यात बुडवले की कडक होते, पितळ होत नाही. म्हणून बुडाकडील भाग २५० अंशांच्या खालीच राहिला पाहिजे, आणि ज्या पुंगळीबद्दल शंका आली ती चेपून मोडीत टाकावी. येथे सेकंदांचे महत्त्व पुन्हा लक्षात येईल. पितळेतील उष्णतेचा पसारा वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. चार सेकंदांत तो साधारण २ सेंटिमीटरपर्यंत जातो, वीस सेकंदांत ५ सेंटिमीटरपर्यंत. .३०८ जातीच्या पुंगळीची एकूण लांबीच ५१ मिलिमीटर आहे. म्हणजे दुबळे यंत्र घेऊन सावकाश तापवणे, जे ऐकताना सौम्य वाटते, तेच बुडाला घातक ठरते. शक्ती पुरेशी असावी, वेळ थोडा असावा आणि कॉइल फक्त मान व खांदा यांनाच वेढणारी असावी.

तापमान पाहण्यासाठी पिस्तुलासारखे हातात धरायचे इन्फ्रारेड मापक वापरू नये. चकचकीत पितळ उष्णतेचे किरण फार कमी सोडते, त्यामुळे ते मापक खऱ्यापेक्षा कितीतरी कमी आकडा दाखवते. त्याऐवजी ठरावीक तापमानाला वितळणारा दर्शक रंग मिळतो. त्याची एक रेघ खांद्याखाली ओढावी आणि तेथे २५० अंशांचा रंग वितळत नाही याची खात्री करावी. मानेसाठी अंधाऱ्या खोलीत डोळाच चांगला साक्षीदार आहे, कारण कोणताही घन पदार्थ ५२५ अंशांच्या आसपास अंधारात जेमतेम लाल दिसू लागतो. बाद झालेल्या पुंगळ्या घेऊन वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाने वाढवत न्यावी आणि मानेत त्या लालीची पहिली चाहूल लागली, की तेथून किंचित मागे येऊन वेळ पक्की करावी. नंतर एका मानेला पक्कडीत थोडे दाबून सोडावे. ताव न दिलेली मान उसळी मारून जवळजवळ मूळ आकाराला येते, योग्य ताव मिळालेली थोडीच परतते आणि अति तापलेली दाबली तेथेच राहते.

एकदा ठरलेली वेळ फक्त त्याच जातीच्या आणि त्याच कारखान्याच्या पुंगळ्यांना लागू असते, कारण भिंतीची जाडी कारखान्यागणिक बदलते. शेकडो पुंगळ्या सलग करायच्या असतील, तर कॉइल आणि कपॅसिटर तापत जातात आणि पहिल्या पुंगळीला मिळालेला ताव शंभराव्या पुंगळीला मिळत नाही. म्हणून कॉइल तांब्याच्या नळीची करावी आणि तिच्यातून कूलरचा छोटा पंप लावून पाणी खेळवावे. नळी वळवण्यापूर्वी तिच्यात बारीक कोरडी वाळू ठासून दोन्ही तोंडे बंद करावीत, म्हणजे ती चेपत नाही. पुंगळी दर वेळी एकाच उंचीवर टेकेल असा उष्णतारोधक टेकू ठेवावा आणि वेळ संपताच टेकू सरकून पुंगळी खालच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये पडेल अशी सोय करावी. वेळेचे नियंत्रण आर्डुइनोसारख्या लहान पाटीवर उत्तम होते. पाण्यात बुडवून थंड करण्याची गरज नाही. इतक्या थोड्या वेळात उष्णता बुडापर्यंत पोचत नाही आणि ओल्या पुंगळ्या वाळवण्याचे काम मात्र वाढते.

यंत्रात जाणारी प्रत्येक पुंगळी रिकामी आणि प्रायमर (बुडातील पेट घेणारी टिकली) काढलेली आहे हे हाताने व डोळ्याने पाहूनच पुढे जावे. ज्या खोलीत बंदुकीची दारू किंवा प्रायमर ठेवले आहेत तेथे हे यंत्र असूच नये. झाडलेल्या पुंगळीत प्रायमरमधून आलेले शिशाचे अंश असतात, म्हणून पुंगळ्या आधी धुऊन घ्याव्यात, खिडकी उघडी ठेवावी आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून झेडव्हीएस पाटी आणली आणि प्रकल्प म्हणून पितळेच्या नळीचे तुकडे तापवून दाखवायचे ठरवले. सुरुवातीला यंत्र नीट चालते, पण चालू-बंद करता करता कधीतरी मॉसफेट जळतात. पुरवठा ४८ व्होल्टचा एसएमपीएस (घरच्या विजेचे डीसीत रूपांतर करणारा पुरवठा) आहे आणि मी तो भिंतीवरच्या बटणानेच चालू करतो.
— एक विद्यार्थी, नऱ्हे

उत्तर : दोष बहुधा त्या बटणाच्या जागेत आहे. या सर्किटमध्ये दोन मॉसफेट आळीपाळीने चालू-बंद होतात आणि एकाचे चालू असणे हेच दुसऱ्याला बंद ठेवते. ही आळीपाळी सुरू होण्यासाठी पुरवठ्याचा विद्युतदाब (व्होल्टेज) एकदम पूर्ण मिळावा लागतो. आपण भिंतीवरचे बटण दाबता तेव्हा एसएमपीएसचा दाब शून्यापासून हळूहळू चढतो. त्या मधल्या क्षणी दोन्ही मॉसफेट एकदम अर्धवट चालू होतात, झोका, म्हणजे ही आळीपाळी, सुरूच होत नाही आणि सगळा प्रवाह त्यांच्यातून सरळ जमिनीकडे वाहतो. म्हणून एसएमपीएस आधी चालू करावा, त्याचा दाब स्थिर होऊ द्यावा आणि नंतर एसएमपीएस व पाटी यांच्या मधली डीसी बाजू जोडावी. गेटसाठी वेगळा १२ व्होल्टचा पुरवठा दिल्यास आणखी चांगले.

त्या जागी सॉलिड स्टेट रिले लावणार असाल, तर तो डीसीचाच घ्यावा. एसीसाठीच्या रिलेत थायरिस्टर जातीचा स्विच असतो. तो प्रवाह शून्यावर आल्याशिवाय बंद होत नाही आणि डीसीत प्रवाह आपोआप शून्यावर येत नाही. असा रिले एकदा चालू झाला की टायमरने बंद करूनही कॉइल तापतच राहील. हे प्रयोगशाळेत घडले तर एक तुकडा वितळेल, पण कोणी विश्वासाने यंत्र सोडून गेले असेल तर आग लागेल.

दुसरे कारण अपुरा पुरवठा. तुकडा कॉइलमध्ये घालताच प्रवाह एकदम वाढतो. एसएमपीएसची क्षमता काठावर असेल तर तो दाब पाडतो, झोका मोडतो आणि पुन्हा तोच अपघात होतो. प्रत्यक्ष प्रवाहापेक्षा दीडपट क्षमतेचा पुरवठा घ्यावा.

प्रकल्पाच्या अहवालात एक हिशेब अवश्य दाखवा. कॉइल १.५ मायक्रोहेन्री आणि कपॅसिटर मिळून २ मायक्रोफॅरड असतील, तर अनुनादाची वारंवारता सुमारे ९२ किलोहर्ट्झ येते. पुरवठा ४८ व्होल्टचा असला तरी कॉइलवरील दाबाचे शिखर त्याच्या π (पाय, ३.१४) पट, म्हणजे १५० व्होल्टपर्यंत जाते आणि कॉइल व कपॅसिटर यांच्यामध्ये फिरणाऱ्या प्रवाहाचे शिखर १७० ॲम्पिअरच्या घरात पोचते. पुरवठ्यातून येणारे जेमतेम १२ ॲम्पिअर पाहून कोणी या सांध्यांवर पातळ डाग दिला, तर तो डाग वितळून गळतो. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचेच असावेत. आणि ४८ व्होल्टचे यंत्र म्हणून उघड्या कॉइलला हात लावू नये. बोटात अंगठी किंवा मनगटात कडे असेल तर ते आधी काढून ठेवावे, कारण कॉइलजवळ तेही तापते. हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने या यंत्रापासून दूर राहावे.

प्रश्न : माझी मुलगी बालेवाडीच्या रेंजवर ५० मीटर रायफलचा सराव करते. काडतुसांचा खर्च फार येतो. पुंगळ्या पुन्हा भरून आणि असे यंत्र घरी करून तो वाचवता येईल का?
— एक पालक, बाणेर

उत्तर : नाही, आणि याची दोन स्वतंत्र कारणे आहेत. पहिले तांत्रिक. ५० मीटर प्रकारात .२२ जातीची रिमफायर काडतुसे वापरतात. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले ते याच प्रकारात. या काडतुसात वेगळा प्रायमर नसतो. पेट घेणारे मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेले असते आणि घोड्याच्या आघाताने ती कड चेपते, त्यामुळे पुंगळी पुन्हा भरण्याजोगी उरतच नाही.

दुसरे कारण कायद्याचे, आणि ते सर्वच जातींच्या पुंगळ्यांना लागू आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश आहे आणि कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळ्याचे उत्पादन करता येत नाही. खेळाडूचा शस्त्रपरवाना म्हणजे उत्पादनाचा परवाना नव्हे. म्हणून वरच्या पत्रातील कोथरूडच्या वाचकांनीही येथे फक्त सर्किटचा आराखडा करावा, चाचणीसाठी बोहरी आळीत मिळणारी पातळ पितळी नळी वापरावी आणि पुंगळ्यांवरचे काम भावाने मोंटानातच करावे. ‘नमुना’ म्हणून एखादी रिकामी पुंगळीही सामानातून आणू नये. विमानतळावरील तपासणीत ती सापडली तर चौकशी अटळ असते.

मुलीच्या खर्चासाठी क्लबकडून आणि राज्य संघटनेकडून मिळणाऱ्या काडतुसांच्या कोट्याची माहिती घ्यावी. तो मार्ग सरळ आहे.

प्रश्न : आमचे घराणे तीन पिढ्या खडकीचे. पावसाळ्यात काडतुसांचे पितळ आपोआप तडकत असे, अशी गोष्ट आजोबा सांगत. ही दंतकथा आहे की त्यात तथ्य आहे?
— एक वाचक, खडकी

उत्तर : पूर्ण तथ्य आहे आणि धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ते नोंदलेले आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. त्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजांच्या काडतुसांना साठवणीतच, कोणी हात न लावता, चिरा पडत आणि हे प्रामुख्याने पावसाळ्यात होई, म्हणून त्याला ऋतूचेच नाव मिळाले. कारण बराच काळ उलगडले नव्हते. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी ते स्पष्ट केले. पावसात काडतुसे घोड्यांच्या पागांमध्ये ठेवली जात. तेथे घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटे. पुंगळी दाबून-ओढून घडवताना पितळेत ताण साचून राहिलेला असे. दमट हवेतला अमोनिया आणि हा आतला ताण एकत्र आले की स्फटिकांच्या सीमांवरून चीर पडत जाई. यांतील एक गोष्ट काढून घेतली तरी चीर पडत नाही. म्हणून घडवल्यानंतर पुंगळीला हलका ताव देऊन ताण घालवणे हा उपाय रूढ झाला.

ही माहिती आजही घरात उपयोगी पडते. ठोकून किंवा दाबून घडवलेल्या पितळी वस्तूला अमोनिया असलेले पॉलिश लावू नये आणि गोठ्याजवळच्या खोलीत अशा वस्तू बांधून ठेवू नयेत. चिंचेने घासलेले बरे. मोंटानातील भावालाही कळवा, की पुंगळ्या उजळण्यासाठी अमोनियायुक्त द्रव वापरू नये. बाहेरून चकचकीत दिसणारी मान आतून चिरलेली असू शकते.

प्रश्न : आमचे काम कसब्यातील तांबट आळीत आहे. हंडा ठोकताना तांबे ताठरले की भट्टीत घालावे लागते. कोळसा महाग झाला आणि धुराबद्दल शेजारी तक्रार करतात. हे इंडक्शन यंत्र आम्हाला चालेल का?
— एक कारागीर, कसबा पेठ

उत्तर : पुंगळीसाठीचे यंत्र चालणार नाही. दोन किलो तांबे ५०० अंशांना नेण्यास साधारण ३७० किलोज्यूल उष्णता लागते. त्या पाटीतून धातूत उतरणाऱ्या दीड-दोनशे वॉटने ती भरायला अर्धा तास जाईल आणि तेवढ्या वेळात हंडा त्याहून अधिक उष्णता हवेत टाकत राहील, म्हणजे तो कधीच लाल होणार नाही. शिवाय तांब्याचा विरोध पितळेच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाचा असल्याने त्यात इंडक्शनची शक्ती आणखी कमी उतरते. हंड्याएवढ्या कामासाठी काही दहा किलोवॉटचे, पाण्याने थंड होणारे औद्योगिक यंत्र आणि थ्री-फेज जोडणी लागेल. ती एकट्या दुकानाला परवडणार नाही, आळीतील चार-पाच दुकानांनी मिळून घेतली तर विचार करता येईल.

धूर हीच अडचण असेल, तर गॅसचा बर्नर आणि विटांची बंद भट्टी हा आजचा व्यवहार्य मार्ग आहे. ज्योत भांड्याला थेट न लागता विटांवर आपटून फिरेल अशी मांडणी करावी, म्हणजे कड आणि बूड सारखे तापते. तांब्याचा ताव ओळखण्याची तुमची रीत, म्हणजे भांडे सावलीत धरून मंद लालीवर बाहेर काढणे, शास्त्राला धरून आहे आणि ती बदलण्याचे कारण नाही. फक्त गॅसची ज्योत उजेड फार पाडते, म्हणून भट्टीचे तोंड खिडकीच्या उलट बाजूला ठेवावे. तोटी, कडी किंवा लोट्याचा काठ असे लहान जिन्नस मात्र एक-दोन किलोवॉटच्या इंडक्शनवर चांगले होतील. त्यासाठी जिनसाच्या आकाराची कॉइल करून द्यायला नऱ्ह्याच्या विद्यार्थ्यासारखा एखादा मुलगा तयार होत असेल, तर त्याचा प्रकल्प आणि तुमचे काम दोन्ही साधेल.